ऐकू येतं, पण कळत नाही

दहावीचा निकाल लागला की पेढ्यांच्या बॉक्सबरोबर गुणपत्रिकाही चार घरं फिरून येते. आधी टक्के किती, मग गणितात किती, मग इंग्रजीत किती. इंग्रजीत ऐंशीच्या पुढे असले की विचारणाऱ्या मावशी-काकू थबकतात. ‘‘अगं बाई, मराठी मीडियमला असून!’’ हे वाक्य ठरलेलं. आई मोहरते, मुलगी लाजते, आणि तो आकडा पुढे वर्षभर पाहुण्यांना सांगायला पुरतो.

मग अकरावीचं कॉलेज सुरू होतं. सायन्स घेतलेलं असतं, नवा ड्रेस, नवी सॅक, एस. टी.चा पास, सगळं झालेलं असतं. आणि पंधरा दिवसांत मुलगी गप्प गप्प होते. जेवताना खोदून खोदून विचारलं की कधीतरी म्हणते, ‘‘सर बोलतात ते ऐकू येतं गं, पण कळत नाही.’’

मी तालुक्याच्या गावी घरीच इंग्रजीच्या शिकवण्या घेते. हे वाक्य किती मुलींच्या तोंडून ऐकलं त्याची मोजदाद मी ठेवलेली नाही. वाक्याच्या पुढे काय होतं ते मात्र सांगते. मुलगा असला तर घरचे धावाधाव करतात, जिल्ह्याच्या ठिकाणी क्लास लावतात, खोली घेऊन देतात. मुलगी असली तर आठ दिवस चर्चा होते आणि कुणीतरी वडीलधारं माणूस बोलून जातं, ‘‘झेपत नाही तर कशाला ओढाताण? आर्ट्सला घाला, जवळ आहे, मोकळी राहील.’’ आर्ट्स वाईट नाही हो, मी स्वतः आर्ट्सचीच. पण आवडीने आर्ट्सला जाणं वेगळं आणि भौतिकशास्त्र आवडत असताना केवळ सरांचं बोलणं कळलं नाही म्हणून तिकडे ढकललं जाणं वेगळं.

मग प्रश्न असा पडतो, की ते इंग्रजीतले ८२ गुण नेमके कशाचे होते?

जरा प्रश्नपत्रिका उघडून बघू या. आता तिला कृतिपत्रिका म्हणतात. आपल्या राज्य मंडळाच्या दहावीत मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी तृतीय भाषा म्हणून असते. ८० गुण लेखीचे, २० गुण शाळेने द्यायचे. लेखीत उतारे येतात, काही पाठ्यपुस्तकातले, काही बाहेरचे. पुस्तकातला उतारा मुलीने वर्गात वाचलेला असतो, क्लासमध्ये वाचलेला असतो, गाईडमध्ये त्याची उत्तरं पाहिलेली असतात, अपेक्षित प्रश्नसंचात पुन्हा सोडवलेली असतात. परीक्षेत तो समोर आला की ती वाचत नाही, आठवते. आठवणं ही चांगलीच गोष्ट आहे, पण तिला वाचनाचे गुण कसे म्हणायचे?

राहिला बाहेरचा, न पाहिलेला उतारा. खरी परीक्षा तिथे व्हायला हवी. पण त्याचीही एक युक्ती आहे, आणि ती प्रत्येक क्लासमध्ये शिकवतात. प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, तो सापडला की ती ओळ उतरवून काढायची. तुम्हाला खोटं वाटेल म्हणून एक गंमत करून दाखवते. हे वाक्य वाचा: ‘द झिपू टिगल्ड अ मोरा निअर द लुंबा.’ याला काही अर्थ नाही, झिपू, मोरा, लुंबा सगळं मी आत्ता बसल्या बसल्या बनवलं. आता प्रश्न: ‘हू टिगल्ड अ मोरा?’ उत्तर: ‘द झिपू.’ ‘व्हेअर डिड द झिपू टिगल अ मोरा?’ उत्तर: ‘निअर द लुंबा.’ झाले की नाही दोन गुण? झिपू म्हणजे माकड की मंत्री, हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही! मी हे शिकवणीतल्या मुलांना करून दाखवलं तेव्हा पोरं खो खो हसली. हसून झाल्यावर एक जण म्हणाला, ‘‘मॅडम, आम्ही असंच तर लिहितो.’’

आता त्या शाळेच्या हातातल्या २० गुणांकडे येऊ. तोंडी परीक्षा, ऐकणं, बोलणं, स्वाध्याय वगैरे त्यात येतं. म्हणजे ऐकण्याची परीक्षा कागदावर आहे, नाही असं नाही. प्रत्यक्षात काय होतं ते ज्यांची मुलं दहावी झाली त्यांना विचारा. मुलगी टेबलापाशी जाते, ‘माय नेम इज’ पासून ‘आय लिव्ह इन’ पर्यंत पाठ केलेलं घडाघडा म्हणते, बाईंनी फारच मनावर घेतलं तर एखादी कविता, की झाले अठरा. साठ-सत्तर मुलांचा वर्ग, त्यात निवडणुकीची कामं, माहिती भरायची कामं. बाईंना तरी नावं कशी ठेवू? पण ऐकून समजतं का, याची तपासणी त्यात झाली नाही हे खरंच आहे.

या २० गुणांवरून आपल्याकडे एक मोठं नाट्य होऊन गेलं, आठवतं का? शाळा हे गुण खैरात केल्यासारखे वाटतात, अशी ओरड झाली आणि २०१८-१९ या वर्षी भाषा विषयांचे अंतर्गत गुण काढूनच टाकले. शंभर गुणांची लेखी परीक्षा आली. २०१८ साली ८९.४१ टक्के लागलेला निकाल २०१९ ला ७७.१० टक्क्यांवर आला. महाराष्ट्रभर हलकल्लोळ. आमच्या मुलांना अकरावीचे प्रवेश मिळणार नाहीत, इतर बोर्डांची मुलं पुढे निघून जाणार, ही चिंता. ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. लगेच पुढच्या वर्षापासून अंतर्गत गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. (त्या वर्षी करोनामुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता, तेही लक्षात घ्यायला हवं. पुढल्या वर्षी तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५ टक्के!) तेव्हा वर्तमानपत्रांतून किती लिहून आलं. पण सगळी भांडणं गुण द्यायचे की नाही यावर. त्या २० गुणांत मुलांचे कान तयार झाले का, हे विचारणारं फारसं कुणी माझ्या वाचनात आलं नाही.

दुसरीकडे ही परीक्षा किती मनावर घेतात ते ऐकाल तर थक्क व्हाल. दक्षिण कोरियात बारावीनंतरची कॉलेज-प्रवेशाची एक मोठी परीक्षा नोव्हेंबरात असते. त्यातला इंग्रजीचा पेपर ७० मिनिटांचा, ४५ प्रश्नांचा. त्यातले १७ प्रश्न निव्वळ ऐकण्याचे. ध्वनिफीत लावतात आणि मुलं ऐकून उत्तरं देतात. आणि ही ध्वनिफीत चालू असते त्या वेळी साधारण ३५ मिनिटं देशभरातल्या विमानतळांवर विमानं ना उडतात ना उतरतात. आकाशात असलेली विमानं वरच घिरट्या घालत राहतात. का? तर विमानाच्या आवाजाने पोरांचं एखादं वाक्य हुकायला नको!

आपल्याकडे परीक्षेच्या दिवसांत मंगल कार्यालयातला डीजे बंद करायला पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा लागतो, आणि अर्ज देणाऱ्यालाच गावात चार शब्द ऐकावे लागतात. असो.

जपानमध्ये विद्यापीठ प्रवेशासाठी देशभर एकच परीक्षा असते. तिच्यात इंग्रजी ऐकण्याची परीक्षा जानेवारी २००६ पासून सुरू झाली. प्रत्येक मुलाच्या बाकावर एक चिमुकलं यंत्र आणि कानात घालायला इअरफोन. म्हणजे मागच्या बाकावरच्याला आवाज आला नाही, ही तक्रारच नको. सुरुवातीला ऐकण्याला ५० गुण होते आणि लेखीला २००. परीक्षेचं स्वरूप २०२१ साली बदललं तेव्हा वाचनाला १०० आणि ऐकण्याला १०० असे सरळ बरोबरीचे गुण केले. काही प्रश्न तर एकदाच ऐकवतात, दुसऱ्यांदा नाही. वाचनाच्या पेपरातही गोष्टी-कवितांपेक्षा जाहिराती, वेळापत्रकं, सूचना असली रोजच्या कामाची पानं समोर ठेवतात आणि विचारतात, अमुक वाजता पोचायचं तर कुठली गाडी घ्यावी लागेल? इथे ओळ उतरवून काढायची युक्ती चालत नाही.

मी काही जपान-कोरियाच्या आरत्या ओवाळायला बसलेली नाही. तिथल्या मुलांवर परीक्षेचं ओझं किती असतं ते सगळ्या जगाला माहीत आहे. रात्री दहा दहा वाजेपर्यंत क्लासला बसणारी ती लेकरं बघून जीव हळहळतो. आणि इतकं ऐकूनसुद्धा तिकडच्या बऱ्याच जणांना इंग्रजी बोलताना घाम फुटतो. पण एक गोष्ट मान्य करावी लागेल. परीक्षेत जे विचारलं जातं तेच वर्गात शिकवलं जातं, मग देश कुठलाही असो. ऐकण्याला शंभर गुण आले की शाळा ऐकवायला लागतात. आपल्याकडे कान धरायला शाळेत वेळ असतो, कान तयार करायला नसतो.

आणि इंग्रजी ऐकणं अवघड का जातं, तेही समजून घेऊ या. पोरगी ढ आहे म्हणून नव्हे. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वाटा देतो. ‘महाबळेश्वर’ म्हणताना कुणी निम्मी अक्षरं गिळून टाकत नाही. इंग्रजीची रीत निराळी. एका अक्षरावर जोर द्यायचा आणि शेजारची दोन गिळायची. आपण पुस्तकात ‘कम्फर्टेबल’ शिकतो, कानावर येतं ‘कम्फ्टबल’. ‘व्हेजिटेबल’चं होतं ‘वेज्टबल’. ‘कॅन’ हा शब्द पाठ केलेला असतो, पण बोलणारा ‘आय क्न गो’ असं काहीतरी म्हणतो आणि तो ‘क्न’ आपल्याला ऐकूच येत नाही. डोळ्यांना ओळखीचा असलेला शब्द कानाला अनोळखी वाटतो. वर्गात धडा बाई मराठी वळणाने, थांबून थांबून, प्रत्येक ओळीचं भाषांतर करत वाचतात, त्यामुळे भरभर बोललेलं सलग इंग्रजी मुलीने अकरावीपर्यंत ऐकलेलंच नसतं. भाषांतर करू नये असं नाही, पण दर ओळीला भाषांतर मिळणार हे माहीत असलं की कान इंग्रजीकडे लक्षच देत नाहीत, मराठीची वाट बघत बसतात!

‘फिफ्टीन’ आणि ‘फिफ्टी’ घ्या. लिहिलेले असले तर पाचवीतला मुलगाही सांगेल पंधरा कोणते आणि पन्नास कोणते. कुणी फोनवर झर्रकन म्हटलं तर? औषधाचे किती थेंब, फॉर्मची तारीख कुठली, हप्ता किती. आपल्यापैकी कितीजणी इंग्रजी ऐकू आलं की फोन मुलाच्या हातात देतो, बघा आठवून. आणि तो मुलगाही दोनदा ‘हां हां, येस’ करून फोन ठेवून देतो.

नर्सिंग करून परदेशी जायचं स्वप्न हल्ली आपल्या गावांतल्या मुलीही बघतात. त्यासाठी अनेक ठिकाणी आयईएलटीएस नावाची परीक्षा द्यावी लागते. तिच्यात ऐकण्याचे ४० प्रश्न आणि वाचनाचे ४० प्रश्न असतात. ऐकायचं ते एकदाच ऐकवतात. सुया टोचण्यात, ड्रेसिंग करण्यात, रात्रपाळ्या काढण्यात एकाही परदेशी नर्सला हार जाणार नाही अशी मुलगी या ४० प्रश्नांपाशी अडते. तोवर तिचं वय चोवीस-पंचवीस झालेलं असतं, घरात लग्नाचं बघायला सुरुवात झालेली असते. तेराव्या-चौदाव्या वर्षी हे कुणी तपासून सांगितलं असतं तर तिच्या हातात दहा वर्षं होती.

आता वाचनाकडे वळते. ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘असर’ या पाहणीचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२३ साली त्यांनी देशातल्या २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वयाच्या मुलामुलींची घरी जाऊन पाहणी केली. चौतीस हजारांवर मुलं-मुली होती. त्यांपैकी ८६.८ टक्के कुठे ना कुठे शिकत होती, म्हणजे शाळा सोडलेल्यांचीच ही गोष्ट आहे असं नाही. इंग्रजीची सोपी वाक्यं वाचता आली ५७.३ टक्के मुलांना. आणि ज्यांना वाचता आली त्यांच्यापैकी ७३.५ टक्क्यांना त्यांचा अर्थ सांगता आला. गुणाकार केला तर शंभरातली साधारण ४२ मुलं अशी, की जी वाक्य वाचतातही आणि त्याचा अर्थही सांगतात. पंधरा जणांचं काय? ती वाचतात, घडाघडा वाचतात, आणि अर्थ माहीत नसतो. मला सगळ्यात काळजी या पंधरांची वाटते. ज्याला वाचताच येत नाही त्याच्याकडे निदान कुणाचं तरी लक्ष जातं. ही पंधरा मुलं वर्गात उभी राहून धडा वाचतात, सगळ्यांना वाटतं छान चाललंय.

आणखी एक गोष्ट या पाहणीतून शिकण्यासारखी आहे. अर्थ सांगायचा तो आपल्या भाषेत. मराठी मुलाने मराठीत सांगावा. आपल्या शाळांतून मात्र समजलं की नाही हे बघण्यासाठीही उत्तर इंग्रजीतच लिहायला लावतात. म्हणजे पोळी लाटता येते का हे बघायला बोलवायचं आणि कणीक मळण्यात नापास करायचं. एखादीला सगळं समजलेलं असतं, पण वाक्य जुळवता येत नाही. दुसरीला काही समजलेलं नसतं, पण ओळ अचूक उतरवता येते. दुसरी पास, पहिली नापास! कोरियात त्या ऐकण्याच्या परीक्षेतसुद्धा काय करायचं आहे ती सूचना कोरियन भाषेत असते. त्यात त्यांना कमीपणा वाटत नाही. आपल्याला मात्र इंग्रजीच्या तासाला मराठी बोललं की पाप लागतं.

‘‘मग इंग्रजी मीडियमलाच घालायचं ना सरळ,’’ असं आता कुणी म्हणेल. म्हणतातच. पण तालुक्याच्या गावातल्या इंग्रजी शाळेत तास चालतो तो बहुतेक ठिकाणी मराठीतूनच, फक्त वह्या इंग्रजीत. तिथलीही मुलं माझ्याकडे येतात आणि त्यांचीही तीच रड. सेमी-इंग्रजीत विज्ञानाच्या व्याख्या इंग्रजीत पाठ असतात, पण ‘हे तुझ्या शब्दांत सांग’ म्हटलं की पंखा बघायला लागतात. शिवाय मराठी माध्यमातही इंग्रजी काही उशिरा येत नाही आता. जून २००० पासून महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आहे. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना तो निर्णय झाला, त्यावर केवढे वाद रंगले होते! त्या पहिलीच्या पुस्तकात गाणी होती, चित्रं होती. त्या मुलांची पहिली तुकडी मार्च २०१० मध्ये दहावीला बसली. म्हणजे दहा दहा वर्षं इंग्रजी शिकून मुलं बाहेर पडतात, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. दहा वर्षांत माणसाला शेजारच्या घरची भाषा येते. एकच गोष्ट आठवा, कानडी सीमेवरच्या आपल्या बायका शाळेत न जाता दोन्ही भाषा बोलतात. त्यांनी आधी ऐकलं, समजून घेतलं, मग बोलल्या. लिहायला त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मला विचाराल तर फार मोठा बदल नको आहे. विमानं थांबवायला नकोत आणि प्रत्येक बाकावर यंत्रही नको. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी या शाळेत येऊन एक पानभर मजकूर दोनदा मोठ्याने वाचावा आणि मुलांनी दहा प्रश्नांच्या उत्तरांवर खुणा कराव्यात, एवढं केलं तरी पुष्कळ. बाई परक्या असल्या की आवाज परका, आणि गुण देताना भिडही नाही. आणि गुणपत्रिकेवर इंग्रजीचा एकच आकडा न देता ऐकणं इतके, वाचून समजणं इतके, लिहिणं इतके असं वेगवेगळं लिहावं. म्हणजे ८२ च्या पोटात काय काय दडलंय ते आईला दिसेल. ऐकण्यात कमी पडले तर अकरावीआधीची ती दोन-अडीच महिन्यांची सुट्टी हातात असते.

यात एक काळजी घ्यायला हवी. ज्या मुलांना खरोखरच कमी ऐकू येतं त्यांना या परीक्षेतून सूट किंवा वेगळी सोय हवीच. जपानमध्येही ती आहे. आपल्याकडे तर कान वाहतोय आणि घरात तेल घालून गप्प बसलेत, अशी किती मुलं असतात. वर्गात मागे बसणारी, ‘लक्ष नसतं’ म्हणून बोलणी खाणारी. ऐकण्याची परीक्षा नीट घेतली तर निदान अशा दोन-चार जणी तरी सापडतील आणि कानाच्या डॉक्टरांकडे जातील. इंग्रजी बाजूला राहू दे, तेवढ्यासाठी तरी ही परीक्षा व्हावी असं मला वाटतं.

सरकार करेल तेव्हा करेल. घरी काय करता येईल, असं बऱ्याच आया विचारतात, आणि लगेच खालच्या आवाजात पुढे म्हणतात, ‘‘मला तर इंग्रजी येत नाही हो.’’ तुम्हाला येत नाही हेच बरं! येणारी आई पटकन उत्तर सांगून मोकळी होते. ज्या आईला येत नाही तिला मुलीला समजावून सांगावंच लागतं, आणि समजावून सांगताना कुणाची लबाडी चालत नाही. आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या मुलीला ऐकायला लावा, पाचच मिनिटं. तुम्ही मराठी बातम्या ऐकलेल्याच असतात, दिवस तोच, मोठ्या बातम्याही बहुतेक त्याच. मग मुलीने सांगायचं, काय काय झालं. दहा हजार म्हणाले की दहा लाख, ते तुम्हाला माहीत आहे. पहिल्या दिवशी तिला दोन गावांची आणि एका मंत्र्याची नावं कळतील फक्त. कळू देत. महिनाभराने विचारा.

वाचनासाठी याहून सोपं. बालभारतीची पाठ्यपुस्तकं त्यांच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, मराठी माध्यमाची आणि इंग्रजी माध्यमाची दोन्ही. विज्ञानाचं पुस्तक दोन्हींत एकच आहे, फक्त भाषा वेगळी. धडा तोच, चित्रं तीच. २०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पहिल्या भागाचा पहिला धडा गुरुत्वाकर्षणाचा आहे. इंग्रजी पुस्तक मोबाइलवर मुलीच्या हातात द्या, मराठी पुस्तक तुम्ही घ्या. तिने एक परिच्छेद मनात वाचायचा आणि मराठीत सांगायचा. तुम्ही तुमच्या पुस्तकात बोट ठेवून बघायचं, जुळतं का. अडली तर शब्दाचा अर्थ लगेच सांगू नका, पुढची ओळ वाचायला लावा, पुष्कळदा तिथे उलगडा होतो. दिवसाला अर्धं पान पुरे. भाजी निवडता निवडता होतं. माझ्याकडच्या एका मुलीच्या आईने हे सुट्टीत केलं आणि मला येऊन सांगितलं, ‘‘तिचं इंग्रजी किती सुधारलं ते देवाला ठाऊक, पण मला या वयात ग्रह कसे फिरतात ते कळलं!’’

आणि जूनमध्ये शाळा उघडल्या की पालकसभेची चिठ्ठी येईल. दरवेळी आपण जातो, मागच्या रांगेत बसतो, चहा घेतो, सही करून येतो. या वेळी एकच विचारायचं. इंग्रजीच्या त्या वीस गुणांत ऐकण्याची परीक्षा कधी घेता, आणि ज्या दिवशी घ्याल त्या दिवशी मी मागे बसून बघितलं तर चालेल का?